थारचं पाणी, थारचं गवत (प्रस्तावना)

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी २००६ साली निसर्ग पूर्ववत करण्याचं काम निघालं आणि त्याची सुरुवात झाडं उपटण्यापासून झाली. सत्तरएक हेक्टर खडकाळ जमीन, ज्वालामुखीतून घडलेला कठीण रायोलाइट आणि त्याच्या भेगाभेगांत मुळं रोवून बसलेली वेडी बाभूळ. हे झाड वरून छाटून मरत नाही, बुंध्यापासून पुन्हा फुटतं आणि पहिल्यापेक्षा दाट होतं. मुळाचा वरचा गड्डाच काढावा लागतो, आणि तो तर दगडात. प्रकल्पाचे सूत्रधार प्रदीप क्रिशेन यांना इथे उपयोगी पडले ते खंडवालिये. हे त्या भागातले पिढीजात खाणकामगार. दगडावर हातोडीचा ठोका टाकायचा, आवाज ऐकायचा आणि भेग कोणत्या अंगाने गेली आहे, चीर कुठून पडेल ते ओळखायचं, ही त्यांची विद्या. छिन्नी-हातोडा घेऊन त्यांनी एकेक खोड भोवतालच्या खडकासकट उकरून काढलं. मागे राहिलेला खड्डा आयताच नव्या रोपाला मिळाला. वेडी बाभूळ जिथे तगली होती तिथे ओल असणारच, हे वेगळं तपासायची गरज नव्हती. त्या खड्ड्यांत मग थोर, कुमटियो, पिलू, हिंगोट अशी मारवाडच्या खडकांवरची मूळची मंडळी लावली गेली. २०११ मध्ये ती जागा ‘राव जोधा डेझर्ट रॉक पार्क’ म्हणून लोकांसाठी खुली झाली.

हे पुस्तक त्या उद्यानाविषयी नाही. त्याच्यावर एक छोटं प्रकरण आहे, बस. पण थारमधल्या वन्यजीवांना त्यांचं घर आणि पाणी परत द्यायचं म्हणजे काय करायचं, या प्रश्नाकडे माझं लक्ष त्या उपटलेल्या झाडांनी वळवलं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला निसर्गसेवा म्हणजे झाडं लावणं आणि पाणी अडवणं, इतकंच ठाऊक असतं. शाळेच्या भिंतीवर तेवढंच लिहिलेलं असतं. ही दोन्ही कामं वाळवंटात जपून करावी लागतात, आणि पुष्कळदा करूच नयेत, असं माझं मत होत गेलं. पुढची प्रकरणं या मताची बाजू मांडतात. ते सगळ्यांना पटेल असं नाही. थारमधल्या जाणत्या लोकांतही यावर एकमत नाही.

आधी वेडी बाभूळच घेऊ, कारण तिच्या गोष्टीत बाकीच्या पुष्कळ गोष्टी आहेत. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. एकोणिसाव्या शतकात ते हिंदुस्थानात आलं. १९३०च्या दशकात जोधपूरच्या महाराजांनी विमानातून त्याचं बी आपल्या संस्थानावर विखरलं आणि १९४० साली त्याला शाही वृक्षाचा मान मिळाला. हेतू चांगला होता. सरपण हवं होतं, वाळू थांबवायची होती, दुष्काळात गुरांना शेंगा हव्या होत्या. या तिन्ही गोष्टी झाडाने दिल्या, हे मान्यच करावं लागेल. आजही कित्येक गरीब घरांतली चूल त्याच्यावर पेटते. पण गुरांनी शेंगा खाल्ल्या आणि शेणातून बी सगळीकडे नेलं. ते तलावांच्या काठांवर, ओढ्यांत, गायरानांत रुजलं आणि त्याखाली गवताची काडी उगवेना. मारवाडात त्याला बावळिया म्हणतात आणि कच्छमध्ये गांडो बावळ. गुजरातच्या वनखात्याने १९६१च्या सुमारास रणाची खार पुढे सरकू नये म्हणून कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात ते मुद्दाम लावलं. आशियातल्या नामांकित गवताळ रानांपैकी एक असलेल्या बन्नीचा मोठा भाग आज त्याने व्यापला आहे, आणि तिथले मालधारी पशुपालक व वनखातं आता ते काढण्याच्या मागे लागले आहेत.

थारमध्ये स्वातंत्र्यानंतरही हाच विचार चालू राहिला, फक्त महाराजांच्या जागी संशोधन संस्था आल्या. वाळवंट दिल्लीच्या दिशेने सरकतं आहे अशी त्या काळात खरोखरीची धास्ती होती. १९५२ साली जोधपूरला वाळवंटी वनीकरणाचं केंद्र निघालं. त्यातूनच पुढे ‘काझरी’ या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था उभी राहिली. वाळूचे डोंगर जागच्या जागी बांधून ठेवण्याचं तंत्र तिने विकसित केलं आणि त्यासाठी इस्रायली बाभळीसारखी परदेशी झाडं आणली. गावं, रस्ते, रेल्वेमार्ग वाळूखाली जात होते, तिथे हे आवश्यकच होतं. मात्र जिथे कोणाचंच काही गाडलं जात नव्हतं तिथेही झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या. कागदावर अशी जमीन ‘पडीक’ होती. पडीक जमिनीला काहीतरी कामाला लावलं पाहिजे, ही सरकारी दृष्टी महसूल खात्याइतकीच जुनी आहे.

थारची स्वतःची संपत्ती म्हणजे सेवण गवत. जैसलमेरच्या पश्चिमेला, वर्षाला जेमतेम शंभर-दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे, हे बहुवर्षायू गवत कंबरेएवढ्या उंचीचे झुपके करून उभं असतं. उन्हाळ्यात ते वाळून काड्या होतं, मेल्यासारखं दिसतं आणि पहिल्या पावसानंतर बुडापासून हिरवं होतं. त्याची मुळं वाळू घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे वाळू थांबवायला झाडच हवं असतं असंही नाही. दोन झुपक्यांमध्ये मोकळी जागा असते. आपल्याला ती रिकामी वाटते. तिथेच चंडोल घरटं करतो, सांडा हा सरडा बीळ खणतो, वाळवंटी कोल्हा उंदराच्या मागे धावतो आणि माळढोकाची मादी जमिनीवर एकच एक अंडं घालते. चिंकाऱ्याला दूरवर पाहता आलं पाहिजे, माळढोकाला चालता आलं पाहिजे. ही मोकळीक झाडांच्या रांगांनी मोडते. रांगेतल्या उंच झाडावर शिकारी पक्षी आणि कावळे बसतात आणि खालची अंडी त्यांच्या नजरेत येतात. गवताळ रानात लावलेलं झाड म्हणजे शत्रूला बांधून दिलेला बुरूजच.

पाण्याचीही तीच तऱ्हा आहे, फक्त ती पटायला अधिक वेळ लागतो.

इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघून सुमारे साडेसहाशे किलोमीटर वाहत तो थेट जैसलमेर जिल्ह्यात जातो. त्याने लाखो माणसांना पाणी आणि शेती दिली. त्याच्याविरुद्ध बोलणं मला शोभणार नाही, मी काही तहानेने गाव सोडलेला माणूस नाही. तरी वन्यजीवांच्या बाजूने हिशेब मांडायचा तर तो असा आहे. सेवण उखडून तिथे शेती आली. हनुमानगड-सूरतगडच्या भागात खालचा थर पाणी जिरू देईना, पाणी वर आलं, जमिनी खारावल्या. तिथले शेतकरी या दुखण्याला ‘सेम’ म्हणतात. बारमाही पाणी आणि उभं पीक मिळाल्यावर नीलगाई आणि रानडुकरं अशा भागांत शिरली जिथे पूर्वी त्यांना जगणं कठीण होतं. माणसांच्या वस्तीबरोबर कुत्रे आले. कालव्याचं पाणी साठवायला शेतकऱ्यांनी ‘डिग्गी’ नावाचे खोल हौद बांधले, काहींना आतून प्लास्टिकचं अस्तर लावलं. पाणी प्यायला उतरलेला चिंकारा त्या गुळगुळीत उतारावरून पुन्हा वर चढू शकत नाही.

म्हणजे ज्याच्यासाठी आपण पाणी आणतो असं म्हणतो, त्यालाच ते बुडवतं.

मुळात चिंकाऱ्याला किती पाणी लागतं? फार कमी. पाला, शेंगा, पहाटेच्या दवाने ओलावलेलं गवत यांतून तो आपली बरीचशी गरज भागवतो आणि दिवसचे दिवस पाण्याकडे फिरकत नाही. सांड्याला तर पाणवठ्याशी देणंघेणंच नसतं. काळवीट त्या मानाने पाण्याजवळ राहतो. खरी रोजची तहान असते पखुर्डीला. तिचं सगळं अन्न म्हणजे कोरडं बी, त्यामुळे सकाळ झाली की थवेच्या थवे पाण्यावर उतरतात. पिल्लांचं काय, हा प्रश्न उरतो, कारण ती उडू शकत नाहीत आणि पाणी कित्येक किलोमीटर दूर. नर पखुर्डी पाण्यात पोटापर्यंत उतरते, अंग पुढेमागे हलवत पोटाखालची पिसं भिजवते आणि तशीच उडून पिल्लांकडे जाते. त्या पिसांची बारीक रचनाच वेगळी असते, ती स्पंजासारखं पाणी धरून ठेवते. पिल्लं बापाच्या पोटाशी येऊन पिसांतून चोचीने पाणी ओढतात. मीड-वाल्डो या इंग्रज पक्षीपालकाने १८९६ मध्ये हे आपल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर पाहून लिहिलं, तेव्हा पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. केड आणि मॅक्लीन यांनी आफ्रिकेतल्या कलहारीत खुल्या रानात तेच पाहिलं आणि १९६७ मध्ये ते मान्य झालं.

हे मी सविस्तर सांगतो आहे ते नवल म्हणून नाही. पाणवठा कसा बांधावा याचं उत्तर त्या नराच्या पोटाशी आहे. त्याला उथळ, सावकाश उतरत जाणारा काठ हवा. काठाभोवती झुडपं नकोत, कारण झुडपात रानमांजर दबा धरून बसतं. उभ्या भिंतीचा सिमेंटचा हौद त्याच्या काही कामाचा नाही. थारमध्ये विहिरीला किंवा टाक्याला जोडून गुरांसाठी उथळ, लांबट हाळ बांधतात, त्याला ‘खेळी’ म्हणतात. रात्री गुरं नसली की तिथे कोल्हे, चिंकारे येतात. आता काही ठिकाणी वनखातं उन्हाळ्यात टँकरने अशा खेळ्या भरतं. एखाद्या भीषण वर्षी हे करावंच लागतं. दरवर्षी, बारमाही, दर दोन-तीन किलोमीटरवर केलं तर काय होतं याचा अनुभव दुसऱ्या वाळवंटांनी घेतलेला आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला १९४०च्या दशकापासून जंगली लावे, हरणं, रानमेंढ्या यांच्यासाठी पावसाचं पाणी गोळा करणारी टाकी बसवली गेली. त्यांचा फायदा नक्की किती आणि कोणाला, यावर तिथले वन्यजीवतज्ज्ञ अजून भांडताहेत. रानमेंढ्यांना फायदा होतो म्हणणारे आहेत, आणि पाण्यावर शिकारी जनावरं व उपरे प्राणी गोळा होतात म्हणणारेही आहेत. दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. थारमध्ये मला भीती वाटते ती कुत्र्यांची. पाणी असेल तिथे भटका कुत्रा राहू शकतो, आणि कुत्रा राहू लागला की जमिनीवरचं अंडं आणि चिंकाऱ्याचं पाडस, दोन्ही गेलीच.

मग थारमध्ये पाण्याचं काम करायचंच नाही का? करायचं, पण ते थारच्या पद्धतीने. या पुस्तकाचा सर्वांत लांब भाग त्यावर आहे, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

या विषयावर लिहिणाऱ्या कोणालाही अनुपम मिश्र यांचं ऋण मान्य करावं लागतं. वर्ध्यात जन्मलेल्या या माणसाने ‘आज भी खरे हैं तालाब’ आणि ‘राजस्थान की रजत बूंदें’ अशी दोन पुस्तकं लिहिली आणि त्यांवर स्वामित्वहक्क ठेवला नाही. थारमधले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात, ते त्यांनीच आपल्यासारख्यांना समजावून दिले. पालर म्हणजे थेट पावसाचं, वाहतं आणि साठवलेलं पाणी. पाताळ म्हणजे खोल विहिरीचं, थारमध्ये बहुधा खारं. या दोहोंच्या मधलं ते रेजाणी. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर असतो. पावसाचं पाणी त्याच्या वरच ओल बनून अडकतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. या थरापर्यंत अरुंद कुंई खणतात. खणणारा खाली इतक्या अडचणीत बसलेला असतो की त्याला कुदळही मोकळी चालवता येत नाही. वरचे लोक अधूनमधून मूठमूठ वाळू आत टाकत राहतात, त्या पडणाऱ्या वाळूबरोबर ताजी हवा खाली जाते आणि कोंदट हवा वर येते. त्या वाळूचा मार डोक्याला लागू नये म्हणून खाली बसलेला माणूस धातूचं टोपडं घालतो. एवढं करून दिवसाला मिळतात दोन-चार घडे. ही कुंई माणसांसाठी असते. पण जिथे माणसं अशा मापाने पाणी पितात, तिथे जनावरांच्या वाट्याला नाडी उरते.

नाडी म्हणजे गावाचं उघडं तळं. तिच्याकडे पाणी वाहून आणणारी चढाची जमीन म्हणजे आगोर. थारमधल्या पाण्याचं सगळं मर्म या आगोरात आहे, तळ्यात नाही. आगोरात नांगर घालायचा नाही, घाण करायची नाही, झाड तोडायचं नाही, असे गावाचे दंडक असत. पावसाच्या आधी तळ्यातला गाळ काढायचा आणि तो शेतात किंवा घराच्या भिंतींना वापरायचा. साठलेलं पाणी कुठे दोन महिने टिके, कुठे आठ, कुठे वर्षभर. म्हणजे वर्षाचा काही काळ बहुतेक नाड्या कोरड्या, आणि त्या काळात जनावरं पांगलेली. पाणी आलं की गोळा व्हायचं, आटलं की पांगायचं, या ये-जा करण्यातच गवताला विसावा मिळे. बारमाही पाण्याने हा विसावा संपतो आणि पाणवठ्याभोवतीचं गवत तुडवून तुडवून नाहीसं होतं.

आज नाडीचं पुनरुज्जीवन म्हटलं की आधी जेसीबी येतो. खोदलेलं मोजता येतं, फोटो काढता येतो, बिल काढता येतं. पण तळाशी पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थर असतो. त्याच्या खाली गेलात की पाणी जिरून जातं आणि पहिल्यापेक्षा मोठा, पहिल्यापेक्षा कोरडा खड्डा उरतो. महाराष्ट्रात ओढे-नाले खोल करण्यावरून हाच वाद झालेला आहे, त्यामुळे आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. ज्या नाड्या खरोखर पुन्हा भरू लागल्या तिथे आधी आगोर मोकळं झालेलं असतं. वेडी बाभूळ काढली, अतिक्रमण हटवलं, मधे टाकलेल्या रस्त्याखालून पाण्याला वाट दिली, आणि मग फक्त गाळ काढला. हे काम दिसायला अगदीच सामान्य असतं, म्हणून त्याला निधी मिळत नाही.

जैसलमेरच्या पालीवालांचे खडीन हे आणखी एक उदाहरण. उताराच्या पायथ्याशी लांब बांध घालून पावसाचं पाणी जमिनीवर पसरू द्यायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. पंधराव्या शतकापासूनची ही पद्धत आजही चालते. पावसाळ्यात त्या पसरलेल्या पाण्यावर पाणपक्षी उतरतात. फलोदीजवळच्या खिचन गावात तर हिवाळ्यात कुरजा म्हणजे करकोचे हजारोंनी येतात, गावकऱ्यांनी टाकलेले दाणे खातात आणि तळ्यांवर विसावतात. जून २०२५ मध्ये खिचनला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. बिश्नोईंची चिंकाऱ्यांवरची माया आणि झाडं वाचवण्यासाठीचं १७३० मधलं खेजडलीचं बलिदान वाचकांना माहीत असतंच. ते मी थोडक्यात आटोपलं आहे. थारमधल्या सगळ्या राखणीचं श्रेय एकाच समाजाला देण्याची आपल्याकडे सवय पडली आहे. पशुपालक मुसलमान आणि राजपूत गावांनी शतकानुशतकं राखलेली रानं त्यामुळे नजरेआड होतात.

ती रानं म्हणजे ओरण. देवाच्या नावाने सोडलेली जमीन. आपली देवराई डोळ्यांपुढे आणली तर फसगत होईल, कारण ओरणात घनदाट झाडी असेलच असं नाही. जैसलमेरच्या देगराय ओरणासारखी हजारो बिघ्यांची ओरणं आहेत. त्यांत मुख्यतः गवत, विरळ खेजडी-बोर, एखाद-दोन नाड्या आणि चरणारे उंट असतात. कुऱ्हाड चालवायची नाही, एवढं बंधन पाळून गुरं चारायला मुभा. थारमधलं वन्यजीवन अभयारण्यांच्या बाहेर टिकलं ते या जमिनींवर. १९८० मध्ये घोषित झालेलं ‘डेझर्ट नॅशनल पार्क’ ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे, पण त्यात कितीतरी गावं आणि शेतं आहेत. प्रत्यक्षात राखली जातात ती सुदासरीसारखी काही कुंपणबंद क्षेत्रं. या कुंपणांच्या आत सेवण कसं परततं ते पाहण्यासारखं आहे. बियाणं पेरायची फारशी गरज पडत नाही. दोन-तीन बरे पावसाळे आणि तुडवणारे पाय नसणं, एवढं पुरतं. चुरू जिल्ह्यातल्या सात चौरस किलोमीटरच्या तालछापरमध्येही वेडी बाभूळ काढून मोथिया गवत राखल्यावर काळविटांचे कळप उभे राहिले, आणि हिवाळ्यात त्या गवतावर शिकारी पक्षी मुक्कामाला येतात.

आपल्या सोलापूरच्या नान्नजची आठवण इथे अपरिहार्य आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी जाहीर झालेलं अभयारण्य जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. त्यात शहरं, साखर कारखाने, लोकांची शेतं, सगळंच आलं. लोक वैतागले, पक्षी बदनाम झाला, आणि शेवटी क्षेत्र सव्वा बाराशे चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. दरम्यान माळावर चर खणून झाडं लावणं चालूच होतं. आज तिथे माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रात बातमी होते. देशभरात उरलेले दीडशेच्या आत, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात.

तिथे त्यांच्यासमोरचं नवं संकट आकाशातलं आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि पंधरा किलोपर्यंतच्या शरीराला ऐन वेळी वळता येत नाही. विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प याच ‘पडीक’ जमिनींवर उभे राहिले आणि तारांचं जाळं ओरणांवरूनही गेलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या असं सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. कोळशाऐवजी ऊन वापरणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण जमीन निवडताना गवत मोजायची पद्धतच नव्हती, हे मात्र खरं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची नोंद करून त्यांना वनाचा दर्जा द्यायला सांगितलं. वनाचा दर्जा मिळाला तर कंपन्या थांबतील, पण गुराख्याची काठीही थांबेल का, ही धाकधूक गावांत आहे. ओरण माणसांशिवाय राखलं जात नाही, त्यामुळे ती धाकधूक मलाही रास्त वाटते.

जैसलमेर जिल्ह्यात सम इथे २०१९ मध्ये सुरू झालेलं प्रजननकेंद्र आणि नंतरचं रामदेवरा, या दोन ठिकाणी मिळून आज पन्नासहून अधिक माळढोक आहेत. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही झालं. यापुढचं काम त्यांच्या वंशजांना मोकळं सोडण्याचं. त्यासाठी तारा नसलेलं, कुत्रे नसलेलं, सेवण उभं असलेलं सलग रान लागेल, आणि असं रान कोणाच्या नावावर आहे यावर सगळं ठरेल. ज्या वाचकांना पक्ष्यांपेक्षा जमिनीच्या कागदांत रस आहे, त्यांनी ओरणांवरचं प्रकरण आधी वाचलं तरी काही बिघडणार नाही.